रजा विभागातले झाडवाले साहेब

श्यामकांत खरवंडीकरांनी कृषी मंत्रालयात चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत त्यांचा हात मातीला एकदाच लागला, पावसाळ्यात बसमधून उतरताना घसरून पडले तेव्हा. ते आस्थापना शाखेत होते आणि तिथेही रजा विभागात. कुणाची अर्जित रजा किती शिल्लक आहे, वैद्यकीय रजेला कुठला दाखला लागतो, गावी जाण्याची प्रवास सवलत कुणी घेतली आणि कुणाची बुडाली, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी बिनचूक सांगता येई. त्यापलीकडे शेती, झाडं, खतं, बियाणं हे सगळं त्यांच्या वरच्या मजल्यावर चाले. त्या मजल्यावर त्यांना कधी कुणी बोलावलं नाही आणि तेही आपणहून गेले नाहीत.

आर. के. पुरमचं सरकारी घर सोडून ते आणि अरुणाबाई गाझियाबादला, वैशालीतल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, त्याला आता तीन वर्षं झाली होती. तिथलं मराठी मंडळ लहान, सत्तर-ऐंशी घरांचं. दिवाळीनंतरच्या बैठकीत गुलाबरावांनी विषय काढला. गुलाबराव मंडळातर्फे दिल्लीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात जाऊन महाराष्ट्रातून आलेल्या रुग्णांची विचारपूस करत. ते म्हणाले, "यवतमाळ, हिंगोली, बीडहून माणसं येतात. रोग्याला तारीख मिळते तीन महिन्यांनी, आणि तोवर घरची बाई फुटपाथवर. जानेवारीतली दिल्ली तुम्हाला माहीत आहे. इस्पितळाजवळ दोन खोल्या भाड्यानं घेऊ. वर्षभराचं भाडं उभं करायचं, एवढंच."

वर्गणी नको, तीच तीच माणसं देतात, यावर एकमत झालं. मग कुणीतरी म्हणालं, रोपांची विक्री करू. आजूबाजूच्या सोसायट्यांतून लोकांनी आपापल्या घरची रोपं, फांद्या द्यायच्या, आपण ती वाढवायची आणि होळीच्या आधीच्या रविवारी विकायची. अध्यक्ष चेतनाताईंनी चष्मा कपाळावर चढवला, सगळीकडे एक नजर फिरवली आणि ती श्यामकांतांवर आणून थांबवली.

"खरवंडीकर बघतील. कृषी मंत्रालयातले आहेत ते."

"अहो, पण मी तिथे..." श्यामकांत म्हणाले.

"बिल्कुल! यांच्याशिवाय कोण?" मागून दोघं-तिघं म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांच्या वेळी त्यांना बोलता आलं असतं. 'मी रजा विभागात होतो' हे चार शब्द, त्याला काही अर्धा तास लागत नाही. पण आयुष्यात पहिल्यांदाच एका खोलीभर माणसं त्यांच्याकडे जाणकार म्हणून बघत होती आणि ती ऊब सोडवेना. ते घरी गेले ते असे, की जणू खिशात दुसऱ्या कुणाची वस्तू राहिली आहे.

अरुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, मागच्या आठवड्यात कोथिंबीर आणा म्हटलं तर तुम्ही पुदिना आणलात."

"तो भाजीवाला चुकला."

"आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात?"

श्यामकांतांनी एक जाडजूड नोंदवही काढली, पट्टी घेतली आणि रकाने आखायला बसले.

वही हे त्यांचं बळ होतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रोपं यायला लागली तशी वहीत नोंद व्हायला लागली: क्रमांक, दिनांक, देणाऱ्याचं नाव, रोपाचं नाव. सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत मोकळी जागा होती, तिथे काळ्या पिशव्या क्रमांकानुसार लागल्या. दहा दिवसांत तीनशेच्या वर रोपं झाली. वही बघून श्यामकांतांना समाधान वाटे. पण रोपांकडे बघितलं की मनात काहीतरी डळमळे.

एक दिवस त्यांची मुलगी तनया नोएडाहून आली. ती तिथे एका कंपनीत काम करायची. तिनं वही चाळली आणि खाली जाऊन रोपं बघून आली.

"बाबा, तुम्ही हे तीन वेगवेगळे लिहिलेत? सदाफुली, सदाबहार आणि विंका?"

"तिघांनी तीन दिली. सदाफुली परांजपेबाईंनी, सदाबहार चौथ्या मजल्यावरच्या शर्मांनी आणि विंका त्या केरळच्या डॉक्टरांनी."

"यार बाबा, तिन्ही एकच आहे!"

श्यामकांत खाली गेले. तिन्ही रोपं शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिले. पानं सारखीच दिसत होती. पण शर्माजी काही खोटं बोलणारा माणूस नव्हता आणि डॉक्टर तर नव्हतेच. मग गुड़हल आणि जास्वंद निघालं, गेंदा आणि झेंडू निघाला, गुलदाउदी आणि शेवंती निघाली. चांदनी म्हणजे तगर असं एकानं सांगितलं, दुसरा म्हणाला, छे, चांदनी वेगळी. एका बंगाली बाईंनी दिलेल्या रोपाचं नाव त्यांनी 'टगर' असं लिहून ठेवलं होतं आणि तो परदेशी प्रकार असावा असं समजून त्याला वेगळी रांग दिली होती. वहीतल्या एकशे चाळीस नावांची किती रोपं होतात याचा हिशेब लागेना. एक माणूस तीन नावांनी तीन रजा घेत असता तर त्यांनी त्याला चहाच्या वेळेआधी पकडला असता. इथे मात्र कोण कोणाच्या नावावर हजर आहे तेच कळेना.

त्याहून वाईट पुढे होतं. जानेवारीत रोपं मरायला लागली.

श्यामकांतांनी नियम केला होता: सकाळी सातला पाणी, संध्याकाळी पाचला पाणी. थंडी असो, धुकं असो, एक दिवस खंड नाही. कानटोपी घालून, नाकातून वाफा सोडत ते झारी घेऊन फिरत. आणि तरी पानं पिवळी पडत होती. तुळशी एका रात्रीत काळ्या पडल्या. कोरफडीला हात लावला तर ती हातात आली, बुडाशी शेंबडासारखी मऊ. त्यांनी पाणी वाढवलं. आणखी मेली. "मी एकही दिवस चुकलो नाही," ते अरुणाबाईंना म्हणत, "एकही दिवस." चेतनाताई भेटल्या की विचारत, "काय खरवंडीकर, कसं चाललंय?" आणि ते म्हणत, "चालू आहे." हे तरी खोटं नव्हतं.

त्याच दिवसांत गुलाबरावांचा फोन आला. "साहेब, एक काम होतं. यवतमाळचं एक जोडपं आहे. नवऱ्याच्या हृदयाची झडप बदलायची आहे. उपचारांच्या सरकारी योजनेचे कागद तीनदा परत आले. तुम्हाला कागदातलं कळतं. एकदा बघाल?"

श्यामकांत त्याच दुपारी मेट्रोनं गेले. इस्पितळाच्या फाटकाबाहेर निळ्या ताडपत्रीखाली अंबादास मेश्राम पडून होते, पन्नाशीचा शिडशिडीत माणूस, चार शब्द बोलला की थांबून श्वास घेणारा. शेजारी त्यांची बायको भानुमती, डोक्यावरून शाल घेतलेली, मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. श्यामकांतांनी कागद घेतले, एकेक बघितला आणि महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यातलं धुकं फाटलं.

"रेशनकार्डावर अंबादास झिबल मेश्राम आहे आणि आधारवर नुसतं अंबादास मेश्राम. म्हणून परत येतंय. एक प्रतिज्ञापत्र लागेल आणि हे पान तालुक्याहून मागवायला हवं. बाकी सगळं बरोबर आहे."

"एवढंच जी?" भानुमती म्हणाली.

"एवढंच."

"आमी तर म्हटलं, आमचंच काई चुकलं."

तीन फेऱ्यांत काम झालं. तिसऱ्या फेरीला बोलता बोलता श्यामकांतांनी रोपांचा विषय काढला. का काढला, ते त्यांनाही कळलं नाही. बहुधा ज्याला आपण जाणकार वाटत नाही अशा कुणाशी तरी त्यांना बोलायचं होतं. भानुमतीनं ऐकलं आणि म्हणाली, "मी एकोणीस वर्षं नर्सरीत होती जी. सामाजिक वनीकरणच्या. पिशव्या भरायच्या, बी टाकायचं, रोपं लावायची. रोजंदारीवर. मले दाखवा ना एकदा. इथं बसून बसून जीव उबगला."

दुसऱ्या दिवशी अंबादासांच्या उशाशी त्यांचा भाचा बसला आणि भानुमती राजीव चौकला मेट्रो बदलून वैशालीला आली. श्यामकांत स्टेशनावर घ्यायला गेले होते. सोसायटीच्या मागे आल्यावर ती रांगांमधून सावकाश चालत गेली. एका पिशवीची माती चिमटीत घेतली, हुंगली, टाकली.

"काय जी साहेब, याले रोज पाणी देऊन राहिले काय?"

"दोन वेळा. न चुकता."

"दोन वेळा!" तिनं पदर तोंडाला लावला. हसली की हळहळली ते श्यामकांतांना समजलं नाही. "एवढी थंडी, ऊन नाई, अन् वरून दोन वेळा पाणी. झाडाले तहान लागू द्या ना जी. तहान लागली का मंग ते मुळी सोडते, पाणी हुडकते. तुमी त्याच्या तोंडातून पेलाच काढून नाई राहिले."

"मला वाटलं, नियमित पाहिजे."

"नियम माणसाले. झाडाले बोट घालून पाहा लागते."

मग तिनं शाल कमरेला खोचली. जी पार गेली होती ती तिनं काढून टाकली, जी अर्धी होती ती पिशवीतून उपटून, सडकी मुळं खुडून वर्तमानपत्रावर वाळत टाकली. श्यामकांत मागे मागे वही घेऊन फिरत होते. "क्रमांक सत्याऐंशी," ते म्हणत, "हे कुठलं?" आणि भानुमती म्हणे, "मले नाई माहीत जी. शहरातलं झाड आहे. आमच्याइकडे साग, बांबू, करंज."

"मग तुम्हाला कळतं कसं?"

"पान जाड आहे. जाड पानाचं झाड पाणी पोटात ठेवते, त्याले कमी द्या. हे पातळ पानाचं, याले जास्त. हे देठापासून लांब झालं, म्हणजे याले ऊन कमी पडलं. नाव कायले पाहिजे?"

"लोक विचारतील ना. पाटी लावायची तर नाव नको?"

तिनं त्यांच्याकडे बघितलं, तसं बघणं त्यांनी आयुष्यात वरिष्ठांकडूनच अनुभवलं होतं. "साहेब, तुमच्याच वहीत एकाच झाडाची तीन नावं. नावानं कोणतं झाड जगलं? किती ऊन, किती पाणी, एवढं लिहून द्या. मंग नेणारा त्याले काई म्हणू दे."

त्या संध्याकाळी श्यामकांत वहीपुढे बसले ते बसलेच. चौतीस वर्षांत नाव हा पहिला रकाना होता. नावाशिवाय नोंद म्हणजे काय, हे त्यांच्या डोक्यात बसेना. तो रकाना रिकामा ठेवावा, की खोडावा, की शेवटी न्यावा? अरुणाबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली. शेवटी त्यांनी नवी वही उघडली.

भानुमती आठवड्यातून तीनदा यायला लागली. सोसायटीतल्या जुन्या कढीलिंबाच्या बुडाशी फुटलेली पिल्लं तिनं मुळासकट काढली, शेवंतीचे फुटवे वेगळे केले, एका मोठ्या कुंडीतल्या कोरफडीची वीस रोपं केली. फेब्रुवारीच्या मध्यावर भेंडी, कारलं, दोडका पेरला. जितकी मेली होती त्याहून जास्त झाली. अरुणाबाई तिला आणि अंबादासांना पुरेल असा डबा देत आणि ती दर वेळी तो घासून, आत काहीतरी घालून परत करी, कधी चार लिंबं, कधी एक गुळाचा खडा. श्यामकांतांना हे अवघड जाई. ती बाई फुटपाथवर झोपते आणि आपण तिच्याकडून गूळ घेतो. ज्यांच्यासाठी खोल्या घ्यायच्या त्यांच्यातलीच ही, आणि तीच राबते आहे. त्यांनी एकदा चाचरत सुचवलं, "तुम्हाला रोज काही द्यायला हवं मंडळानं." तिच्या कपाळावर आठी पडली. "तुमी माझ्या नवऱ्याच्या कागदाचे किती घेतले जी?" ती म्हणाली आणि परत मातीत बसली. हे बरोबर की चूक, त्यांना ठरवता आलं नाही.

पाट्या करताना त्यांच्या मनात एक गोष्ट आली, आणि ती आली ती थेट रजा विभागातून. दिल्लीकर माणूस मे-जूनमध्ये गावी जातो. कुणी पंधरा दिवस, कुणी महिनाभर. पातळ पानाचं झाड मार्चमध्ये दिलं आणि घर जूनमध्ये बंद झालं, तर ते कोण बघणार? त्यांनी भानुमतीला विचारलं. ती म्हणाली, "मरते मंग." तेव्हा त्यांनी एक अर्ज तयार केला. हिंदीत, कारण घेणारे सगळ्या प्रांतांचे. चार प्रश्न: बाल्कनीचं तोंड कुठल्या दिशेला, ऊन किती तास, पाणी कोण घालणार, आणि उन्हाळ्यात किती दिवसांची रजा. तनयानं तो बघितला.

"बाबा, लोक प्लँट घ्यायला येणार. इंटरव्ह्यू द्यायला नाही."

"दोन मिनिटं लागतील."

"कोणी भरणार नाही हां. मी सांगून ठेवते."

त्यांनाही तसंच वाटत होतं. पण आपल्याला येतं ते एवढंच, असं स्वतःशी म्हणून त्यांनी पाचशे प्रती काढल्या आणि काही आजूबाजूच्या सोसायट्यांत आधीच वाटल्या.

विक्रीचा रविवार उजाडला. हवा छान होती, ना थंडी ना उकाडा. सोसायटीच्या बागेत टेबलं लागली. भानुमती आठला येणार होती. साडेआठ झाले, नऊ झाले. पावणेदहाला तिचा फोन आला, आवाज घाईचा. "साहेब, खाट भेटली जी यांले! बारा वाजेपर्यंत घ्या म्हणते, नाई तर दुसऱ्याले देतो म्हणते. एक फारम दिला, इंग्रजीत. भाचा गावाले गेला. मले काई समजून नाई राहिलं."

श्यामकांत फोन हातात धरून उभे राहिले. समोर फाटक उघडत होतं, माणसं आत येत होती. एक पंजाबी आजोबा, दोन विद्यार्थिनी, बाळाला कडेवर घेतलेलं एक जोडपं. त्यांनी चुकून आजोबांनाच विचारलं, "मैं जाऊँ?" आजोबा म्हणाले, "कहाँ, बेटा?" तेव्हा ते भानावर आले.

अर्धा तास थांबून मग निघू, असं त्यांनी ठरवलं. त्या अर्ध्या तासात त्यांना काहीच उमगलं नाही. ते अर्जांचा गठ्ठा घेऊन टेबलाशी बसले आणि बघता बघता त्यांच्यापुढे रांग लागली. आपल्या टेबलापुढे रांग म्हणजे तक्रार, हा चौतीस वर्षांचा अनुभव.

"क्या हुआ जी, कोई परेशानी?" त्यांनी पहिल्या बाईंना विचारलं.

"परेशानी नहीं, भाईसाहब. मेरे यहाँ हर पौधा मर जाता है. सुना है, आप पूछकर देते हैं."

"जून में बाहर जाती हैं?"

"बीस दिन. मायके, पटना."

"पानी कौन डालेगा?"

बाईंनी विचार केला. "कोई नहीं."

"तो आप ये मत लीजिए," हातातलं फुललेलं रोप बाजूला ठेवत श्यामकांत म्हणाले. "ये लीजिए. मोटा पत्ता. बीस दिन की छुट्टी इसको मंज़ूर है."

बाई हसल्या, मागचेही हसले. श्यामकांतांना त्यात हसण्यासारखं काय होतं ते समजलं नाही. त्यांनी पुढचा अर्ज घेतला. उत्तरेकडे तोंड असलेली बाल्कनी, पाणी सासूबाई घालणार, रजा नाही. मग पश्चिमेची, मग एका बँकेतल्या माणसाची, ज्याची कधीही कुठेही बदली होऊ शकत होती. माणसागणिक रांग कमी व्हायच्या ऐवजी वाढत होती. सव्वादहाला त्यांनी उठून गठ्ठा तनयाच्या हातात दिला.

"मी इस्पितळात जातो."

"बाबा! आत्ता? आणि हे कोण बघणार?"

"वहीत लिहिलंय सगळं. जाड पान, पातळ पान. आधी रजा विचारायची, मग ऊन."

इस्पितळात पोचायला त्यांना सव्वा तास लागला. संमतीपत्र होतं, आणखी दोन अर्ज होते, आणि रक्त देणारे दोघं हवे होते. अर्ज त्यांनी उभ्या उभ्या भरले. रक्ताचं त्यांनी गुलाबरावांना फोन करून सांगितलं, आणि गुलाबरावांनी तिकडे बागेत ध्वनिक्षेपकावरून काय सांगितलं कोण जाणे, एकच्या सुमारास पाच अनोळखी माणसं रक्तपेढीच्या दारात येऊन उभी राहिली. त्यातल्या एकाच्या हातात दोडक्याच्या रोपाची पिशवी होती. "आप वही छुट्टी वाले अंकल हैं ना?" त्यानं विचारलं. श्यामकांतांनी नुसती मान हलवली. कशाला हो म्हणतो आहोत, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

अंबादासांना खाट मिळाली. भानुमती खाटेशी भिंतीला टेकून बसली. कितीतरी आठवड्यांनी तिच्या डोक्यावर छत होतं. ती म्हणाली, "झाडं कशी आहेत जी?" तेव्हा आपण झाडं टाकून आलो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

साडेतीनला ते सोसायटीत परतले तर बाग रिकामी. एकही रोप नाही. टेबलं मिटवून भिंतीला लावलेली, गवतावर माती सांडलेली, एक फाटकी काळी पिशवी वाऱ्यानं इकडून तिकडे जात होती. श्यामकांतांना वाटलं, परवानगीचं काही राहिलं असेल, कुणीतरी येऊन सगळं उचलून नेलं असेल. बागेसाठीचा अर्ज त्यांनीच केला होता. कुठला कागद जोडायचा राहिला, ते आठवायला लागले.

"झाडं कुठे गेली?" त्यांनी बाकावर बसलेल्या चेतनाताईंना विचारलं.

"कुठे गेली म्हणजे? घरोघरी गेली."

"सगळी?"

"दीडलाच संपली. मग लोक नावं नोंदवायला लागले, पुढच्या वेळेसाठी. बसा हो, असे काय उभे आहात! दोन्ही खोल्यांचं वर्षाचं भाडं निघालं, वर खाटांना पुरेल एवढं आहे."

श्यामकांत बसले. आनंद व्हायला हवा हे त्यांना कळत होतं, पण त्याच्या आधी एक काम उरलं होतं. ते म्हणाले, "चेतनाताई, मला एक सांगायचं होतं. नोव्हेंबरातच सांगायला हवं होतं. मला झाडातलं काही कळत नाही. मी रजा विभागात होतो."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुमच्या निवृत्तीच्या समारंभाला आले होते ना मी आणि आमचे हे, मागच्या रांगेत होतो. तुमचे साहेब अर्धा तास बोलले, तेव्हा रजेखेरीज दुसरा विषय नव्हता."

"मग मला का दिलंत हे काम? मंडळात झाडं लावणारी इतकी माणसं आहेत."

"झाडं लावणारे बारा जण आहेत. वही ठेवणारं कोणी नाही."

"पण माझी वही चुकली होती. एक झाड तीनदा लिहिलं. निम्मी रोपं मी पाणी घालून मारली."

"हो," चेतनाताई म्हणाल्या, "ते ऐकलं मी." आणि त्यांनी थर्मासमधून चहा ओतून त्यांच्या हातात दिला. श्यामकांत तो पीत राहिले. चार महिने जी लाज त्यांनी सांभाळली, ती ज्यांच्यापासून लपवली त्यांना आधीपासून माहीत होती. मग ती लाज नक्की कुणासाठी होती?

अंबादासांची शस्त्रक्रिया त्याच महिन्यात झाली, नीट झाली. इस्पितळातून सुटल्यावर तपासण्या संपेपर्यंत तीन आठवडे दोघं नव्या खोलीत राहिले. खोलीत येऊन राहिलेलं ते पहिलंच कुटुंब. एप्रिलमध्ये श्यामकांत त्यांना नागपूरच्या गाडीत बसवून आले. अंबादास न थांबता बोलत होते, आठ महिन्यांचं साठलेलं, आणि भानुमती त्यांना सारखी म्हणत होती, "जरा दमानं जी, दमानं." गाडी सुटताना तिनं खिडकीतून श्यामकांतांना सांगितलं, "आता दिवसातून एकदा चालन पाणी. ऊन वाढलं." ते हो म्हणाले.

त्यानंतर लोक त्यांना रस्त्यात अडवायला लागले. पान वाळतं, कळी गळते, मुंग्या लागल्या. श्यामकांत ऐकून घेत, घरी येऊन यवतमाळला फोन लावत आणि तिनं सांगितलेलं दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं पोचवत. अरुणाबाई म्हणत, "तुम्ही आता खरे झाडवाले साहेब झालात." ते म्हणत, "छे, मी फक्त पुढे पाठवतो." मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी ते इस्पितळात जाऊन कागद बघत. तिथे त्यांना कुठलाच प्रश्न पडत नसे.

मंडळाच्या वार्षिक अहवालाचा कच्चा मसुदा जुलैत आला. आभाराच्या पानावर श्यामकांतांचं नाव ठळक अक्षरात होतं. त्यांनी चिटणीसांना चिठ्ठी लिहिली, की भानुमती मेश्राम यांचं नाव माझ्या आधी घालावं. चिटणीसांनी छापील तक्ता पाठवून दिला: नाव लिहा आणि योग्य त्या ठिकाणी खूण करा. सभासद, देणगीदार, लाभार्थी, कर्मचारी.

सभासद ती नव्हती. देणगी तिनं दिली, पण पैशाची नाही, आणि ती कुणाला दिली म्हणायची? लाभार्थी होती, तीन आठवडे, पण त्याआधीच ती खोली तिच्याच हातानं उभी राहिली होती. कर्मचारी म्हटलं असतं तर तिच्या कपाळावर आठी पडली असती. श्यामकांत टेबलाशी पेन घेऊन बसले. बाहेर बाल्कनीत अरुणाबाई कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या, खाली भाजीवाल्याची गाडी येऊन थांबली होती. माणसाला कुठल्या रकान्यात घालायचं हे ठरवायला त्यांना पूर्वी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ कधी लागला नव्हता.

शेवटी त्यांनी नाव लिहिलं, भानुमती अंबादास मेश्राम, मुक्काम यवतमाळ, आणि चारही चौकटी रिकाम्या ठेवून कागद परत पाठवला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा त्यांच्याकडे आला. चौकटींच्या शेजारी चिटणीसांनी लाल शाईनं एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. श्यामकांतांनी ते बघितलं आणि त्याच्याखाली लिहिलं, "मलाही हाच प्रश्न आहे."